पासष्ट चिंचोके

आमचे हेडमास्तर कोणत्या बाजूचे होते, हे त्यांच्या हाताखाली धाकटा मास्तर म्हणून एका खोलीत साडेतीन वर्षं काढूनही त्यांच्या तोंडून मला कधी कळलं नाही. बाजू म्हणजे नुसती गावकीतली बाजू नव्हे. त्यांना वांगं आवडतं की दोडका, उशाला जाड उशी लागते की पातळ, पाऊस लवकर यावा असं वाटतं की उशिरा, यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. जत्रेच्या कुस्त्यांना ते हौसेनं जायचे. सगळं मैदान उठून ओरडत असायचं आणि हे दोन्ही हात मांडीवर ठेवून, न्यायाधीशासारखे बसलेले. परत येताना मी विचारायचो, "कोण निघावा असं वाटत होतं?" ते म्हणायचे, "एकजण निघाला ना? झालं तर."

आम्हाला जेवण घालणारी घरमालकीण म्हणजे एक जैन विधवा बाई. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. तिला स्वैपाकाची दाद हवी असायची आणि हेडमास्तर ती देत नसत. एकदा ती हट्टाला पेटली. आमटीत रोज थोडं थोडं मीठ वाढवत नेलं. चौथ्या दिवशी मी ताटावरून उठलो. हेडमास्तर मात्र शांतपणे जेवले, आणि जेवण होईपर्यंत तीन तांबे पाणी प्याले.

"काय वो मास्तर," अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमटी कशी झालीया, तेवढं तरी सांगा की."

"पाणी गोड आहे तुमच्या आडाचं," हेडमास्तर म्हणाले.

त्यांची आंघोळही अशीच. सगळं गाव ओढ्यावर उघड्यानं आंघोळ करायचं. हे चार काठ्या रोवून, त्यांना धोतरं बांधून, आत बसायचे. बायका हसायच्या, पुरुष हसायचे, म्हशी थांबून बघायच्या. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं: "मत आणि आंघोळ, दोन्ही आडोशाला."

गाव हुपरीच्या पुढं, बैलगाडीनं दोन तासांवर. वर मराठ्यांची आळी, तिचे धनी पाटील. खाली जैन शेतकऱ्यांची आळी. ते घरात कानडी बोलायचे आणि बाहेर पाटलाशी भांडताना मराठी. त्यांचे पुढारी अण्णा, ज्यांची तंबाखूची मोठी वखार होती. मुलाणी, न्हावी, कुंभार अशी घरं या दोघांच्या मधे, जागेनंही आणि मनानंही. ओढ्यापलीकडे नऊ घरांचा महारवाडा. सगळे मिळून पासष्ट उंबरे. गावाला काही ठरवायचं असलं, म्हणजे बेंदराला पहिला बैल कुणाचा, जत्रेला तमाशा कुठला, पाणंद कुठून काढायची, की चावडीपुढं सगळे जमत आणि हात वर करत.

हेडमास्तरांकडे एक वही होती. तिच्यात ते प्रत्येक वेळचे हात टिपून ठेवायचे. त्या वहीवरून गावाचा सगळा स्वभाव कळायचा. वरची आळी विषय ऐकतच नसे. पाटलांचा हात बघायची. खालची आळी अण्णांचा पटका बघायची. पटका होकारार्थी हलला की चोवीस हात वर. मधली घरं आधी हात कानापर्यंत नेत आणि कान खाजवत थांबत. जिकडं जास्त हात दिसतील तिकडं कानावरचा हात तसाच पुढं सरके. पाटलांचे दोन चुलतभाऊ एका विहिरीवरून भांडलेले होते. त्यांतला थोरला हात वर करतो का, एवढंच धाकटा बघायचा आणि उलटं करायचा. एकदा थोरल्याला ताप होता म्हणून तो आला नाही. तेव्हा धाकटा बिचारा शेवटपर्यंत उभाच राहिला, काय करावं ते त्याला सुचेना.

आणि महारवाडा? त्याच्या पानावर एकच ओळ होती: पाटलांबरोबर. नऊच्या नऊ, दर वेळी.

सभा असली की हेडमास्तर आदल्या दिवशी निकाल कागदावर लिहून, कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवायचे. सभा संपली की मी उघडायचो. एका हाताचीसुद्धा चूक नसायची. दुसरा कुणी असता तर मिशीवर ताव दिला असता. हे खिन्न व्हायचे. "हे मत नव्हे," म्हणायचे, "ही सवय आहे. सवय मोजायला हेडमास्तर कशाला हवा?"

तेव्हा संस्थानच्या महाराजांनी शाळा सक्तीची केली होती. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड. आमची शाळा भरायची मारुतीच्या देवळाच्या मंडपात, आणि देवळात महारवाड्यातल्या पोरांना मज्जाव. म्हणजे त्या पोरांनी शाळेत यायलाच हवं होतं आणि आत यायचं नव्हतं. मग ती बाहेर पायऱ्यांवर बसत. हेडमास्तर त्यांना ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्यानं शिकवत, की मारुतीचेही पाढे वीसपर्यंत झाले असावेत. पावसाळ्यात पायरीवरच्या पाट्या धुऊन निघत. पोरींवर कुणी तेवढी सक्ती करत नव्हतं, तरी येसबा तराळानं आपली नात धाडली होती. येसबा म्हणजे गावचा निरोप्या, महारवाड्यातला सगळ्यात जाणता माणूस. त्याची नात पावसाचा थेंब पडायच्या आत उत्तर लिहून पाटी वर धरायची. अख्ख्या शाळेत तिच्याइतकं झरझर कुणी लिहीत नव्हतं. त्याचं कारण हे.

एक दिवस येसबा आमच्या दारापुढं लांब उभा राहिला आणि हेडमास्तरांना म्हणाला, "मास्तर, पोरगी चार दिस तापानं पडलीया. लिवायला आलं तर पायजे हाय, पर तिला मारून नगं. पाऊसभर आता घरी ठेवतो."

हेडमास्तरांनी त्याच रात्री मामलेदार कचेरीला लांबलचक पत्र लिहिलं. महिन्याभरानं कागद आला: शाळेच्या जागेचा प्रश्न गावानं बहुमतानं सोडवून कळवावा.

अण्णांनी लगेच आपली वखार देऊ केली. महारवाड्याचा त्यांना फार कळवळा होता अशातला भाग नव्हता. शाळा पाटलांच्या आळीतून उठते आहे, हे सुख त्यांना पुरेसं होतं. "वखारीत आमी कुणाला आडवत न्हाई," ते म्हणाले. "हमालबी सगळ्या जातीचं हाईत. पोरास्नी शिंका येतील, तेवढं सोसा."

पाटील म्हणाले, शाळा देवळातच राहील. म्हणजे गावापुढं प्रश्न आला: देऊळ की वखार.

हेडमास्तरांनी आग्रह धरला की प्रत्येक उंबऱ्याला एक मत, ओढ्यापलीकडच्यासुद्धा. पाटलांनी खुशीनं मान्य केलं. ते नऊ हात आपलेच, हे त्यांना ठाऊक होतं. हात वर करायची बाब असती तर त्यांचं बरोबरही होतं. महारवाड्यातून पाटलांविरुद्ध दिवसाढवळ्या हात वर करणाऱ्याला सुगीत वाट्याचं धान्य न्यायला कुणाच्या खळ्यावर उभं राहू दिलं नसतं. पण हेडमास्तरांनी पुढची अट काढली: मत गुप्त.

"आडोसा?" पाटील हसले. "हितं लाजतंय कोन, मास्तर?"

"मत आणि आंघोळ, पाटील," हेडमास्तर म्हणाले.

पाटलांना ते बोलणं इतकं आवडलं की त्यांनी होकार देऊन टाकला.

मग आठ दिवस आमच्या खोलीत जी तयारी चालली, ती मी जन्मात विसरणार नाही. चावडीमागं एक लांब खोली होती. तिच्या दारावर घोंगडं टांगायचं. आत दोन टोकांना दोन मडकी. उजवीकडच्याला भगवं फडकं बांधलेलं, ते देऊळ. डावीकडच्याला तंबाखूचं पान, ती वखार. दर उंबऱ्याला एक चिंचोका. चिंचोके सारख्या आकाराचे हवेत म्हणून मी दोन दिवस निवडत बसलो. चिंचोका पडल्याचा आवाज येऊ नये म्हणून हेडमास्तरांनी स्वतःची उशी फोडून कापूस मडक्यांच्या तळाशी घातला. (उशी जाड लागते की पातळ, हे विचारायची सोयच मग राहिली नाही.) खोलीत रंगीत तालीम झाली. मी घोंगड्याआड या टोकाकडून त्या टोकाकडं जायचो, चिंचोका टाकायचो, आणि ते बाहेर कान लावून बसायचे. "टाकला का?" "टाकला." "कुठं?" "सांगत नाही." "शाबास."

सगळं चोख झालं. फक्त एक गोष्ट राहिली. तालीम आम्ही घरात केली, आणि घरात पायताण कोण घालतं?

मतांच्या दिवशी गाव सणासारखं नटून आलं. आमच्या भागातल्या पायताणांचं तुम्हाला सांगायला नको. तळाच्या दोन थरांत कारागीर अशी काही करामत करतो की चालताना ती करकरतात. जितकी करकर मोठी तितका मालक मोठा. पाटील घोंगडीवर खांबाला टेकून बसले. पहिला आत गेला तो त्यांचा थोरला चुलतभाऊ, कोरं पायताण घालून.

कर्र, कर्र, कर्र, कर्र. उजवीकडं. थांबला. परत कर्र, कर्र.

पाटलांनी डोळे मिटले आणि एक बोट मुडपलं.

धाकटा चुलतभाऊ गेला. त्यानंही बाहेर कान लावला होताच. कर्र, कर्र, डावीकडं चार पावलं. मग बहुधा पाटलांची आठवण झाली, वळला, आणि लांबलचक करकर करत उजवीकडं गेला. पाटलांनी दुसरं बोट मुडपलं. हेडमास्तरांचा चेहरा अक्काच्या आमटीनंतरही झाला नव्हता तसा झाला.

तिसऱ्या माणसाला त्यांनी दारात अडवलं. "पायताणं पायरीखाली काढायची आणि मग आत जायचं. सगळ्यांनी."

चावडीतल्या सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. मग थोरला चुलतभाऊ म्हणाला, "का वो मास्तर? आमी वड्यापलीकडचं हाय काय?"

कारण चावडीपुढं पायताण काढायचं ते फक्त महारवाड्यानं. तो रिवाज होता. ती माणसं लिंबाखालीच पायताणं ठेवत आणि पाटलांपुढं अनवाणी येत.

हेडमास्तरांनी आशेनं अण्णांकडं बघितलं.

"न्हाई जमायचं, मास्तर," अण्णा म्हणाले. "चावडीत पायताण काढलं तर उद्या आमी कुटं उबं ऱ्हायाचं?"

वरची आळी आणि खालची आळी एका मताची झाल्याची नोंद हेडमास्तरांच्या वहीत एवढी एकच आहे. हेडमास्तरांनी मग स्वतःचं पायताण काढून कोपऱ्यात ठेवलं आणि खाली बसले. मतं पुढं चालू झाली. कर्र, कर्र, उजवीकडं. कर्र, कर्र, डावीकडं. मधल्या घरांपैकी कुंभार आत जाऊन मधोमध थांबला. आपलं पायताण सगळं गाव ऐकतंय, हे त्याला कळलं असावं. बऱ्याच वेळानं करकर पाटलांच्या दिशेनं गेली. पाटील डोळे मिटून तंबोरा ऐकावा तसे ऐकत होते. सगळी करकर संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मोठ्यानं सांगितलं, "एकतीस देवळाला, चोवीस वखारीला. चला, वड्यापलीकडचं येऊ द्या."

येसबा आत गेला.

काहीच ऐकू आलं नाही.

पाटील पुढं झुकले. हात कानामागं धरला. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय, कापसावर चिंचोका. घोंगड्यापलीकडं माणूस आहे की नाही, तेही कळेना.

"येसबा, निजलास काय रं आत?"

"न्हाई मालक, मडकी बगतोय."

एकामागून एक नऊ माणसं आत गेली आणि नऊ बाहेर आली. पाटलांचं मुडपायला काढलेलं बोट तसंच ताठ राहिलं. ज्यांना त्यांनी स्वतःपुढं पायताण घालू दिलं नव्हतं, त्या नऊजणांचंच मत अख्ख्या गावात गुप्त राहिलं.

शेवटी आमच्या उंबऱ्याचं मत. आम्ही दोघं एका उंबऱ्याचे, म्हणून मत हेडमास्तरांनी द्यायचं ठरलं होतं. ते अनवाणी आत गेले, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते. मला वाटलं, उकडलं असेल.

मडकी सगळ्यांसमोर पालथी केली. देवळाचे बत्तीस. वखारीचे तेहेतीस.

खालच्या आळीनं पटके उडवले. पाटील उठले नाहीत. बोटं मोजत बसले. माणूस हिशोबाला पक्का होता.

"एकतीस म्या माज्या कानानं ऐकलं," ते म्हणाले. "बत्तिसावा कुणाचा? हेडमास्तर तर वखारीचंच, त्येंनीच ह्यो सगळा घोळ घातला. मंजी नऊ घरातलं एक माजं, आणि आठ फिरली." ते लिंबाखाली उभ्या असलेल्या नऊजणांकडं वळले. चावडीवर कुणी हलेना. "बोला. देवळाला कुणी टाकला? त्यो बाजूला व्हा. बाकीच्या आठास्नी सुगीला बगतो."

पहिला माणूस पुढं आला. हात जोडून म्हणाला, "मालक, त्यो म्या टाकला."

"म्या की, मालक," दुसरा म्हणाला.

"ह्यास्नी काय इचारताय? त्यो माजा हाय," तिसरा म्हणाला.

असं करत आठ झाले. येसबा सगळ्यांत शेवटी. तो जरा दुखावल्यासारखा पुढं आला. "मालक, ही आठबी खोटं बोलत्यात. त्यो एक माजा."

पाटलांनी नऊ तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं. आठजणांना भरडायचं तर नऊहीजणांना भरडायला हवं होतं, त्यांत एक इमानी माणूस भरडला जाणार होता, आणि तो कोणता हे कळायला मार्ग नव्हता. इमानी माणसाला लाथाडणारा पाटील म्हणून नाव झालं असतं तर वरची आळीसुद्धा बिथरली असती. "मास्तर," ते शेवटी म्हणाले, "तुमी सांगा, ह्यातला कोन?"

"मी घोंगड्याच्या बाहेर होतो, पाटील," हेडमास्तर म्हणाले आणि पायताण घालायला वाकले.

पाटलांनी घोंगडी झटकली आणि घरी गेले. त्या सुगीला सगळ्या नऊ घरांना खळ्यावरचं धान्य बिनबोभाट मिळालं.

शाळा वखारीत गेली. पहिला आठवडा शिकवणं कमी आणि शिंकणं जास्त. येसबाची नात पुढच्या रांगेत बसली. आता पाटी धुऊन जात नव्हती, तरी सवयीनं ती झरझरच लिहायची.

पुढं एकदा दुपारी येसबा वखारीच्या दाराशी बसला होता. मी बाहेर आलो तसा हळूच म्हणाला, "धाकलं मास्तर, एक इचारू?"

"विचार की."

"आमी नऊबी घरांनी आदल्या दिशी भंडारा उचलून आन घेतलती. नऊच्या नऊ वखारीला पडल्यात. एकानंबी मोडली न्हाई." त्यानं आत बघितलं. आत हेडमास्तरांचा सव्वाकीचा पाढा चालला होता. "मग देवळाचा त्यो एक कुणाचा, ते सांगा."

मी मनातल्या मनात बेरीज केली आणि पुन्हा एकदा करून बघितली. हेडमास्तरांनी वखारीच्या मडक्यात चिंचोका टाकला असता तर देवळाचे एकतीसच राहिले असते. पाटलांनी कानानं ऐकलेले एकतीस, मडक्यात एकतीस. म्हणजे नऊच्या नऊ फिरले, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं असतं आणि नऊ घरं उघड्यावर आली असती. ते होऊ नये म्हणून हेडमास्तरांनी आपला चिंचोका देवळाला दिला होता. नऊजणांपैकी एकजण जरी आत डगमगला असता, तर वखार त्या एका चिंचोक्यानं हरली असती, आणि ती हेडमास्तरांनीच हरवलेली ठरली असती. ज्यांच्या पानावर कायम 'पाटलांबरोबर' लिहिलं होतं त्यांच्या भरवशावर हा माणूस घोंगड्याआड उभा राहिला होता.

"आमी काय ते वळाकलं," येसबा म्हणाला. "तुमचं हेडमास्तर देवळाच्या बाजूचं निगालं की."

येसबाला खरं सांगितलं असतं तर ते महारवाड्यात कळलं असतं, आणि महारवाड्यात कळलेलं चावडीवर जायला ओढा ओलांडण्याइतकाच वेळ लागतो. त्या एका चिंचोक्याखाली नऊ माणसं उभी होती. तो मी उचलायचा नव्हता. पाटील आता नाहीत, येसबाही नाही, म्हणून आज लिहितो आहे.

"असंल," मी म्हणालो.

त्यानंतर महारवाडा हेडमास्तरांशी जरा सांभाळून वागू लागला. रामराम पूर्वीसारखाच, पण चुकलेल्या माणसाला करावा तसा, समजूत घातल्यासारखा. हेडमास्तर तो घ्यायचे आणि पुढं जायचे. मी दोन-तीनदा त्यांच्यापुढं विषय काढला. दर वेळी त्यांनी माझं अक्षर सुधारायला हवं असं सांगितलं.

त्यांची बदली राधानगरीकडं झाली. निघायच्या दिवशी गाडी अक्काच्या दारापुढं उभी होती. पाटील आले, अण्णा आले. दोघांनीही नारळ दिला आणि दोघांनीही "मास्तर आतून आमचंच" असं शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं. सगळे पांगल्यावर येसबा नातीला घेऊन आला. तिनं पाटीवर हेडमास्तरांचं नाव लिहून आणलं होतं, एकही चूक नव्हती. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं.

येसबा गाडीच्या जुवाशी उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि जड जात होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "पोरीला तुमी माणसात आणलं. म्हून सांगतो. तुमी आमच्या इरुद्ध मत दिलं, ते आमास्नी ठावं हाय. पर आमी कुनीबी त्येचा राग धरला न्हाई."

हेडमास्तरांनी पाटी पोरीच्या हातात परत दिली.

"उपकार झाले, येसबा," ते म्हणाले, आणि गाडीत चढून बसले.